साउंड कार्डातला ऑप-अँप बदलण्याआधी

हेडफोनसाठी साउंड कार्ड सुधारायला बसलेला माणूस बहुधा ऑप-अँपपासून, म्हणजे सिग्नल सांभाळणाऱ्या छोट्या अँप्लिफायर चिपेपासून, सुरुवात करतो. कारण उघड आहे. काही कार्डांवर ही आठ पायांची चिप सॉकेटात बसवलेली असते, सोल्डर न करता निघते आणि दुसरी बसते. खिशाला चाट न देता, अर्ध्या तासात ‘अपग्रेड’ झाल्याचं समाधान मिळतं. पण हेडफोनमधून येणाऱ्या आवाजावर सर्वांत कमी परिणाम करणारा भाग कुठला, असं विचारलं तर उत्तर बरेचदा हीच चिप असते. कंप्युटरचा गोंगाट, अँपची ताकद आणि आउटपुट इम्पीडन्स (अँपचा आतला अडथळा) या तीन गोष्टी तिच्या कितीतरी पुढे आहेत. म्हणून आधी या तिन्ही तपासायच्या आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा.

तक्रार नेमकी कुठली?

गोंगाटाची चाचणी फुकटात होते. गाणं थांबवा, हेडफोन कानापासून जरा दूर धरून व्हॉल्यूम नेहमीपेक्षा वर न्या आणि मग ऐका. माउस हलवा, ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान वर-खाली करा, गेम सुरू करा. चरचर किंवा बारीक शिट्टी त्या हालचालीबरोबर बदलत असेल, तर ती ग्राफिक्स कार्डाकडून आणि मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरकडून येते आहे. ऑप-अँप बदलून ती जाणार नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला असेल तर आधी मागच्या जॅकला लावून पाहा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डच्या तळाशी असलेल्या नऊ पिनांच्या हेडरपासून निघते आणि बहुतेक कॅबिनेटांत ती शील्ड नसलेली असते. ग्राफिक्स कार्डाखालून जाताना ती अँटेनाचं काम चोख करते. कार्ड वेगळं लावलं असेल तर ते ग्राफिक्स कार्डापासून जितकं लांबच्या स्लॉटमध्ये जाईल तितकं चांगलं.

काहीही केलं तरी न बदलणारी सलग ‘स्स्स’ हा मात्र अँपचा स्वतःचा आवाज आहे, आणि त्याचा संबंध बहुधा गेनशी, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो याच्याशी असतो. त्याकडे पुढे येऊ.

दुसरा प्रश्न ताकदीचा. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला हेडफोन किती मोठा वाजतो). सेन्हायझरचा एचडी ६०० घ्या: ३०० ओहम, आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल. संगीतातले क्षणिक उंच ठोके ११० डेसिबलपर्यंत पोचावेत असं धरलं, तर १३ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट. करंट फक्त १५ मिलिअँपिअर. मदरबोर्डच्या जॅकमधून १ ते २ व्होल्ट मिळतात, त्यामुळे इथे व्होल्टेज कमी पडतं. आता उलटं टोक पाहा. एखादा ३२ ओहमचा प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन, सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला ९० डेसिबल. तोच ११० डेसिबल हवा तर १०० मिलिवॉट लागतात: व्होल्टेज फक्त १.८, पण करंट ५६ मिलिअँपिअर. साधा ऑप-अँप एवढा करंट देता देता धापा टाकतो. म्हणजे ‘हेडफोन चालवायला जड आहे’ या एकाच वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

तिसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्स. जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचित असतो, पण कानाला ती सर्वांत आधी कळते. अँपच्या आत, जॅकच्या आधी असलेला रेझिस्टन्स आणि हेडफोनचा इम्पीडन्स मिळून व्होल्टेज वाटून घेतात. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा असेल तर आवाज फक्त थोडा लहान होतो. तो फ्रिक्वेन्सीनुसार बदलत असेल तर स्वरांचा तोलच बदलतो. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इन-इयरचा, म्हणजे कानात घालायच्या हेडफोनचा इम्पीडन्स मधल्या पट्ट्यात ४० ओहम आणि वरच्या पट्ट्यात ८ ओहम असू शकतो. तो १० ओहमच्या आउटपुटला लावला तर मधला पट्टा १.९ डेसिबलने आणि वरचा ७ डेसिबलने खाली जातो. फरक ५ डेसिबलचा! असा इन-इयर ‘मंद’ वाटतो आणि दोष मात्र डॅकला, म्हणजे डिजिटल डेटाचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या चिपेला दिला जातो. याच १० ओहमवर ३०० ओहमचा हेडफोन लावा. बेसच्या भागात त्याचा इम्पीडन्स ५०० ओहमपर्यंत चढला तरी फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो, म्हणजे नसल्यातच जमा.

हेडफोनचा इम्पीडन्स आउटपुटच्या निदान आठपट असावा, हा ठोकताळा यातूनच आला आहे. मदरबोर्डच्या मागच्या लाइन-आउटला (स्पीकर किंवा बाहेरच्या अँपसाठीच्या जॅकला) बरेचदा ७५ ओहमचे रेझिस्टर असतात. कोडेकच्या (मदरबोर्डवरच्या साउंड चिपेच्या) कागदावर कितीही झोकदार आकडा असला (रिअलटेकच्या एएलसी१२२० वर १२० डेसिबल), तरी त्या ७५ ओहमपुढे ३२ ओहमच्या हेडफोनला तो आकडा काही उपयोगाचा नाही.

आपल्या कार्डाचा आउटपुट इम्पीडन्स घरी मोजता येतो. १०० हर्ट्झची साइन लहर वाजवा, जॅकच्या टोकावर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. मग ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून एक वजा, गुणिले ३३. पहिल्यांदा ०.५०० व्होल्ट आणि नंतर ०.३८३ व्होल्ट आले तर उत्तर १० ओहम. साध्या मल्टिमीटरला वरच्या फ्रिक्वेन्सी नीट मोजता येत नाहीत, म्हणून १०० हर्ट्झ; १ किलोहर्ट्झवर तो खुशाल खोटं सांगेल. लहर हळू ठेवा, अर्धा व्होल्ट पुरे.

कार्डाच्या पोटात

भाग बदलण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त छळलं गेलेलं कार्ड म्हणजे आसुसचं झोनार इसेन्स एसटीएक्स. २००९ मध्ये बाजारात आलेलं हे कार्ड आता नवं मिळत नाही, पण जुन्या बाजारात फिरतं आहे. रचना समजून घ्यायला ते उत्तम.

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून आलेला डेटा सी-मीडियाच्या सीएमआय८७८८ या प्रोसेसरकडे जातो. आसुसने त्यावर एव्ही१०० असं स्वतःचं नाव छापलं आहे. तिथून बर-ब्राउनच्या पीसीएम१७९२ए या डॅककडे. हा डॅक व्होल्टेज देत नाही, करंट देतो: डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलसाठी एकमेकांच्या उलट अशा दोन वाटांनी, प्रत्येकी ७.८ मिलिअँपिअर शिखरापासून शिखरापर्यंत. या करंटचं व्होल्टेज करायला दोन दुहेरी (एका चिपेत दोन अँप असलेले) ऑप-अँप असतात, कारखान्यातून आलेले जेआरसी२११४डी. प्रत्येक चॅनेलला एक चिप. इथून वाट फुटते. लाइन-आउटकडे जाणारा सिग्नल तिसऱ्या सॉकेटातल्या एलएम४५६२ मधून जातो. हेडफोनकडे जाणारा सिग्नल थेट टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए६१२०ए२ या हेडफोन अँपमध्ये शिरतो आणि दोन उलट वाटांची वजाबाकी तोच करतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हेडफोनच ऐकायचा असेल तर तिसरी चिप, म्हणजे एलएम४५६२ बदलून काहीही होणार नाही, कारण ती त्या वाटेवर नाहीच. तरीही ‘बफर (म्हणजे हीच तिसरी चिप) बदलल्यावर हेडफोनचा मंच रुंदावला’, म्हणजे आवाज जास्त पसरलेला वाटला, अशी वर्णनं ढिगाने सापडतात. मन किती सहज फसतं याचा याहून स्वस्त पुरावा मिळणार नाही.

हेडफोन अँपच्या आउटपुटला कार्डावर सुमारे १० ओहमचा रेझिस्टन्स आहे. तो काढून टाकावा, तार जोडून शून्य करावा असा मोह होतो. करू नये. टीपीए६१२०ए२ हा करंट फीडबॅक पद्धतीचा, १३०० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेगाचा अँप आहे. हेडफोनच्या वायरीची कपॅसिटन्स त्याच्यासमोर उघडी आली की तो स्वतःच मेगाहर्ट्झमध्ये गुणगुणायला लागतो. म्हणूनच त्याची डेटाशीट आउटपुटला रेझिस्टर लावायला सांगते. शिवाय या चिपच्या पोटाखाली उष्णता वाहून नेणारं पॅड सोल्डर केलेलं असतं, त्यामुळे ती बदलणं घरच्या सोल्डरिंग आयर्नचं काम नव्हे. कमी इम्पीडन्सचे इन-इयर वापरत असाल तर या कार्डाच्या मागे लागू नका. १ ओहमच्या आसपास आउटपुट असलेला साधा यूएसबी डोंगल (यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड) तिथे या कार्डापेक्षा सरळ वाजेल.

चिप निवडताना

ऑप-अँपच्या चर्चेत स्ल्यू रेटचा, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज किती वेगाने बदलू शकतं याचा आकडा सर्वांत जास्त मिरवला जातो, म्हणून तो आधी निकालात काढू. २० किलोहर्ट्झची लहर २ व्होल्टला वाजवायला किती वेग लागतो? २π गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले शिखर व्होल्टेज: ०.३६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. कार्डावर आधीच असलेल्या जेआरसी२११४ चा वेग १५ आहे, गरजेच्या चाळीसपट. डॅकमधून येणारा उच्च फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळताना थोडा जास्त वेग कामाला येतो हे खरं, पण १०००-२००० वेगाच्या चिपांमागे धावण्यात काही हशील नाही. उलट त्याच चिपा पुढे त्रास देतात.

तरीही बदलायचंच असेल तर समंजस पर्याय थोडे आहेत. एनई५५३२ वडापावच्या किमतीत मिळते. नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ (आकडा जितका लहान तितकी चिप शांत), वेग ९, आणि असंख्य स्टुडिओ मिक्सरांच्या पोटात तीच आहे. एलएम४५६२ चं नॉइज २.७, वेग २० आणि विकृती (डिस्टॉर्शन) इतकी कमी की मोजायला कार्डाचं स्वतःचं लाइन-इन अपुरं पडेल. ओपीए२१३४ एफईटी इनपुटची आहे, नॉइज ८. जिथे इनपुटला मोठे रेझिस्टर असतात तिथे तिचा फायदा, इथे खास नाही. नव्यातली ओपीए१६५६ आणि त्याहून शांत ओपीए१६१२ (नॉइज १.१) या दोन्ही उत्तम, पण त्या फक्त पृष्ठभागावर चिकटवायच्या छोट्या आकारात मिळतात, म्हणून अडॅप्टर पट्टी लागते.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. पहिली, चिप दुहेरी आहे ना. ओपीए६२७, एडी७९७, एनई५५३४ या एकेरी चिपा आहेत. पाय आठच, सॉकेटात बसतातही, पण पायांची कामं वेगळी. दुहेरी चिपेत १ आणि ७ नंबरचे पाय आउटपुटचे, ४ उणे पुरवठा आणि ८ अधिक पुरवठा. एकेरीत अधिक पुरवठा ७ वर आणि आउटपुट ६ वर असतं. एकेरी चिप थेट लावली तर कार्डाचं नुकसान होऊ शकतं. दोन एकेरी मिळून एक दुहेरी करणाऱ्या पट्ट्या मिळतात. दुसरी गोष्ट, चिप एक गेनला स्थिर आहे का, म्हणजे सिग्नल न वाढवता जशाचा तसा पुढे देताना ती स्वतःच वाजायला लागत नाही ना. करंटचं व्होल्टेज करणाऱ्या या जागी फीडबॅकच्या रेझिस्टरला समांतर कॅपॅसिटर असतो, त्यामुळे उच्च फ्रिक्वेन्सीला चिप जवळजवळ एक गेनवरच चालते. ओपीए६३७ दिसायला ओपीए६२७ ची जुळी बहीण, पण ती पाच गेनच्या खाली स्थिर नाही. तिला इथे जागा नाही.

नकली मालाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. अधिकृत वितरकाकडे ओपीए६२७ च्या एका नगाला काही हजार रुपये पडतात. तीच ऑनलाइन दोनशेला मिळत असेल तर वरचं छपाईकाम घासून पुन्हा केलेली भलतीच चिप आहे असं समजा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एनई५५३२ सारखी रोजच्या वापराची स्वस्त चिप घ्यायला हरकत नाही. महागडी, नावाजलेली चिप मात्र एलिमेंट१४, माउझर किंवा डिजी-की यांच्याकडूनच. चार चिपांसाठी कुरियरचा खर्च डोळ्यांत येतो, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून मागवणं बरं.

हाताचं काम

कंप्युटर बंद करा, प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण एकदा दाबून एसएमपीएसमधला (कंप्युटरच्या पॉवर सप्लायमधला) उरलेला चार्ज रिकामा करा. पाचेक मिनिटं थांबा. कार्डाला एसएमपीएसकडून येणारी चार पिनांची मोलेक्स वायर काढा, मग कार्ड. परत लावताना ही वायर विसरू नका. हेडफोन अँपचा पुरवठा तिच्यातूनच येतो आणि ‘चिप बदलल्यावर कार्ड मेलं’ या तक्रारीमागे बरेचदा ती विसरलेली वायरच असते. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा.

ॲनालॉग भागावर धातूचं झाकण आहे, ते स्क्रू काढून उचला. चिपेच्या एका टोकाला अर्धवर्तुळाची खाच किंवा पहिल्या पायाजवळ ठिपका असतो. जुनी चिप काढण्याआधी खाच कोणत्या बाजूला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या. काढताना आयसी पुलर असेल तर उत्तम. नसेल तर बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर चिप आणि सॉकेट यांच्यामध्ये सरकवा, एका टोकाने एक मिलिमीटर, मग दुसऱ्या टोकाने एक मिलिमीटर, असं आळीपाळीने उचला. एकाच टोकाने उचकटली की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि दोनदा वाकलेला पाय तिसऱ्यांदा तुटतो. स्क्रू ड्रायव्हर सॉकेट आणि कार्ड यांच्या मध्ये घालू नका, तिथून कार्डावरच्या तांब्याच्या रेघा जातात.

नव्या चिपेचे पाय कारखान्यातून जरा फाकलेले येतात. टेबलाच्या कडेवर हलकेच दाबून दोन्ही रांगा सरळ करा, आठही पाय भोकांवर आले आहेत हे भिंगातून पाहा, मगच दाबा. एक पाय आत दुमडून चिपेखाली गेला तर वरून काही दिसत नाही. उलटी लावली तर? दुहेरी चिप अर्ध्या वर्तुळात फिरली की ४ आणि ८ ची अदलाबदल होते, पुरवठा उलटा लागतो आणि चिप काही सेकंदांत भाजते. सॉकेटाचं नशीब असेल तर तेवढ्यावर भागतं.

अडॅप्टर पट्टी वापरत असाल तर तिच्या पायांकडे लक्ष द्या. जाड चौकोनी पिना सॉकेटाच्या पात्या कायमच्या फाकवतात; मग पुन्हा मूळची चिप लावली की ती सैल बसते आणि एक कान मधूनमधून गायब होतो. बारीक गोल पिनांची पट्टी घ्या. पट्टी आणि चिप मिळून उंची वाढते, म्हणून धातूचं झाकण परत लावण्याआधी ते कशाला टेकत नाही ना हे पाहा. टेकलं तर शॉर्ट. झाकणाशिवायही कार्ड चालतं, फक्त ज्या गोंगाटासाठी एवढी खटपट केली तोच पुन्हा आत येतो!

पहिल्यांदा सुरू करताना

हेडफोन लावू नका. हे अगदी गंभीरपणे घ्या, कारण या डॅकच्या आउटपुटला सिग्नल नसतानाही सुमारे ६.२ मिलिअँपिअरचा स्थिर करंट असतो, आणि व्होल्टेज करणाऱ्या चिपेच्या दोन्ही भागांच्या आउटपुटवर त्यामुळे काही व्होल्ट डीसी कायम उभं असतं. ते तराजूच्या दोन पारड्यांतल्या सारख्या वजनांसारखं असतं, पुढची वजाबाकी ते नाहीसं करते. पण चिपेचा एक भाग मेला असेल किंवा एक पाय नीट बसला नसेल तर एक पारडं रिकामं होतं आणि ते सगळं डीसी हेडफोनच्या कॉइलमध्ये उतरू शकतं. महागड्या हेडफोनचा धूर व्हायला तेवढं पुरतं.

म्हणून मोकळ्या वायरीचा ६.३ मिलिमीटरचा प्लग जॅकमध्ये घाला. सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट ‘हेडफोन’ निवडा. रिलेचा टक्क आवाज येईल, तो आल्याशिवाय जॅक जोडलेलाच नसतो. मल्टिमीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर ठेवून टोक आणि बूड, मग मधलं कडं आणि बूड यांमध्ये मोजा. पाच-दहा मिलिव्होल्ट ठीक. ५० च्या वर असेल तर थांबा आणि चिप काढून पुन्हा बसवा.

मग पाच मिनिटांनी चिपेला बोट लावा. एलएम४५६२ एरवीही कोमट असते. बोट दोन सेकंदही ठेववत नसेल तर ती बहुधा ऑसिलेट होते आहे, म्हणजे ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच वाजते आहे. ऑसिलोस्कोप असेल तर लगेच दिसेल. नसेल तर उष्णता, वाढलेलं डीसी आणि सिग्नलबरोबर येणारी बारीक खरखर या तीन खुणा. वेगवान चिपांचा हा नेहमीचा रोग. ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये, शक्य तितकं जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावला तर कधीकधी बरा होतो. नाही झाला तर ती चिप या जागेसाठी नाही, इतकंच.

कॅपॅसिटर

कार्ड दहा वर्षांहून जुनं असेल तर ऑप-अँपपेक्षा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलण्यात जास्त अर्थ आहे. आतलं द्रव हळूहळू सुकतं, अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि पुरवठ्यातली घरघर सिग्नलमध्ये उतरते. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी ओल दिसली तर विचारायलाच नको. नवा कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि त्याच व्यासाचा घ्या. क्षमता दुप्पट करून फायदा होईल असं समजू नका. काही रेग्युलेटर आउटपुटला ठरावीक रेझिस्टन्स असलेला कॅपॅसिटर गृहीत धरतात आणि अगदी कमी रेझिस्टन्सचा पॉलिमर लावला की तेच डळमळतात.

कॅपॅसिटरचा आकडा वाढवून खरोखर ऐकू येणारा फरक पडतो तो एकाच जागी: जुन्या, स्वस्त कार्डांवर हेडफोन जॅकच्या आधी सिग्नलच्या वाटेत असलेला कॅपॅसिटर. तो बेस कापतो. ३२ ओहमच्या हेडफोनला १०० मायक्रोफॅरड असेल तर ५० हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने पडलेला असतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तिथेच हरवतो. ४७० मायक्रोफॅरड लावला की ही सीमा १०.६ हर्ट्झवर जाते. ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र १०० सुद्धा पुरतो.

सोल्डर काढताना ग्राउंडच्या पायाशी झगडावं लागतं, कारण तो आतल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो आणि उष्णता शोषून घेतो. ३५० अंशांचं, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न वापरा, आधी त्या जागी थोडं नवं ६०-४० सोल्डर आणि फ्लक्स घाला, मग पंपाने ओढा. ओढून-ताणून पाय काढला की भोकाचं आतलं तांबं त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि कार्ड कायमचं लंगडं होतं. ध्रुव उलटा लावू नका. कॅपॅसिटरवरची पट्टी उणे बाजू दाखवते.

फरक पडला का?

इथे कानावर विसंबणं धोक्याचं आहे, कारण चिप बदलायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि स्वराची अचूक स्मृती तेवढी टिकत नाही. शिवाय अर्धा डेसिबल मोठा आवाज ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. सोपा मार्ग असा: हेडफोन जॅकमधून एक वायर कार्डाच्याच लाइन-इनमध्ये घाला, गेन सर्वांत खाली ठेवा आणि तेच गाणं जुन्या चिपेवर आणि नव्या चिपेवर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा. शक्य असेल तर दुभाजक लावून हेडफोनही जोडलेला ठेवा, म्हणजे अँपवर खरं ओझं राहील. दोन्ही फायलींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा आणि फूबार२००० या प्लेअरच्या एबीएक्स घटकात (कुठली फाइल वाजते आहे ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीत) न पाहता ऐका. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. जेआरसी२११४ आणि एलएम४५६२ मध्ये बहुतेकांचा आकडा आठ-नऊवरच अडतो. आकड्यांत पाहायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर १ किलोहर्ट्झच्या लहरीवर विकृती आणि नॉइज दाखवतं.

गेनचं बटण मात्र लगेच ऐकू येतं. झोनारच्या सॉफ्टवेअर पॅनेलमध्ये तीन पायऱ्या आहेत: ६४ ओहमच्या खाली ० डेसिबल, ६४ ते ३०० ला अधिक १२, आणि ३०० ते ६०० ला अधिक १८. बरेच जण ‘ताकद’ म्हणून सरळ १८ वर ठेवतात आणि विंडोजचा व्हॉल्यूम दहावर. त्यामुळे सिग्नल लहान होतो पण अँपचं नॉइज आहे तेवढंच राहतं. इन-इयरमध्ये ऐकू येणारी ‘स्स्स’ म्हणजे हेच नॉइज. १६ ओहमचा आणि १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इन-इयर म्हणजे १ व्होल्टला १२८ डेसिबल. त्याला २० मायक्रोव्होल्टचं नॉइज ३४ डेसिबल आवाजासारखं ऐकू येतं, शांत खोलीत अगदी स्पष्ट. नियम साधा: नेहमीचं सर्वांत हळू गाणं व्हॉल्यूम ७०-८० वर असताना पुरेसं मोठं वाटेल, अशी सर्वांत खालची पायरी निवडायची.

विंडोजच्या ध्वनी गुणधर्मांत सगळी ‘एनहान्समेंट’ बंद करा, नमुना दर (सॅम्पल रेट) २४ बिट ४४१०० किंवा ४८००० ठेवा. १९२००० ठेवल्याने फक्त रूपांतराचं काम वाढतं. झोनारचा अधिकृत ड्रायव्हर जुना झाला आहे, नव्या विंडोजवर बरेच जण यूनी झोनार हा हौशी लोकांनी बांधलेला संच वापरतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये या कार्डासाठी एसएनडी-व्हर्चुओसो आधीपासून आहे.

आणि स्वराचा तोलच बदलायचा असेल, बेस थोडा वाढवायचा किंवा वरचा कर्कशपणा कापायचा असेल, तर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ३ डेसिबलचा बदल तिथे पाच सेकंदांत होतो. सरळ वाजणारा कुठलाही ऑप-अँप तेवढा बदल करूच शकत नाही. फक्त एक काळजी: जेवढे डेसिबल वाढवाल तेवढाच प्रीअँप उणे करा, नाहीतर मोठ्या ठोक्यांवर सिग्नल कापला जाऊन फाटका आवाज येईल.